वाचकांचे प्रश्न : नाव घेऊन केलेले कौतुक

शाळांची स्नेहसंमेलने आणि पारितोषिक वितरणाचे कार्यक्रम जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप बदलतो. या वेळची बहुतेक पत्रे गाणे, वाजवणे आणि नाटक यांत यश मिळवलेल्या मुलांविषयी असून, त्यांचे कौतुक कसे करावे, किती करावे आणि केव्हा करावे, हे पत्र लिहिणाऱ्यांना मनापासून जाणून घ्यायचे आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेतील चौदा विद्यार्थी यंदा गायन आणि तबल्याच्या परीक्षा उत्तीर्ण झाले असून आमच्या बालनाट्यालाही स्पर्धेत पारितोषिक मिळाले आहे. गेल्या वर्षीचा सत्कार समारंभ तीन तास चालला आणि शेवटी मुले पेंगू लागली. यंदा तो कसा आखावा?
— एक मुख्याध्यापिका, कोल्हापूर

बाई, प्रथम आपल्या चौदाही विद्यार्थ्यांचे आणि नाटकाच्या संपूर्ण चमूचे अभिनंदन. आपल्या पत्रातच उत्तराचा अर्धा भाग आलेला आहे. मुले पेंगली, कारण ज्यांच्यासाठी समारंभ होता, त्यांना त्या तीन तासांत बसून राहण्यापलीकडे काही कामच नव्हते.

थोडा हिशेब करून पाहू. चौदा मुलांना प्रत्येकी तीन मिनिटे दिली, तर बेचाळीस मिनिटे होतात. तेवढ्या वेळात प्रत्येकाने वर्षभरात जे हाताशी आणले, त्यातले थोडेसे सर्वांसमोर करून दाखवावे. प्रारंभिकची, म्हणजे पहिल्या पायरीची, परीक्षा दिलेल्या मुलीने भूप रागातील सरगम हातावर ताल धरून म्हणावी. तबल्याच्या मुलाने तीनतालचा ठेका, एक कायदा (ठरलेली बोलरचना) आणि त्याचे चार पलटे, म्हणजे फिरवून केलेले प्रकार, वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यावे. 'प्रवेशिका पूर्ण' ही त्यापुढची परीक्षा दिलेल्याने छोटा ख्याल, म्हणजे जलद लयीतली बंदिश, गावा. नाटकाचा एकच प्रवेश, आठ-दहा मिनिटांचा, शेवटी ठेवावा. पाहुण्यांनी या वेळी व्यासपीठावर न बसता प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसून हे सारे ऐकावे आणि मगच बोलावे. ऐकून झाल्यावर बोलणारा पाहुणा सहसा लांबण लावत नाही, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी नेमके असते.

दुसरी सूचना निवेदनाविषयी आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे 'कुमारी अमुक, प्रवेशिका प्रथम, प्रथम श्रेणी' असे वाचून टाळ्यांची वाट पाहण्याची पद्धत आहे. सभागृहातील निम्म्याहून अधिक पालकांना प्रवेशिका प्रथम म्हणजे काय, हे ठाऊक नसते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात आणि प्रवेशिका, मध्यमा, विशारद असे टप्पे ओलांडत अलंकारपर्यंत जातात, हे निवेदकाने आरंभी दोन वाक्यांत सांगावे. त्यानंतर प्रत्येक मुलाविषयी त्याच्या शिक्षकांनीच लिहिलेली दोन वाक्ये वाचावीत : 'हिला जूनमध्ये एकतालात सम सापडत नव्हती, दिवाळीपर्यंत ती हातावर ताल धरून बंदिशीत शिरू लागली.' एवढे ऐकल्यावर त्या मुलीला कळते की आपले काम कोणीतरी बारकाईने पाहिले आहे. श्रेणी तर प्रमाणपत्रावर लिहिलेली असतेच.

फेट्याविषयीही लिहिते. कोल्हापुरात सत्कार म्हटला की फेटा हवाच आणि तो असावा, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र पाचवीतल्या मुलाला मोठ्या माणसाच्या मापाचा फेटा बांधला की तो कानांवर उतरतो आणि गाणाऱ्या मुलाला तानपुरा नीट ऐकू येईनासा होतो. एका कार्यक्रमात एक मुलगा एका हाताने फेटा वर सारत आणि दुसऱ्या हाताने ताल धरण्याचा प्रयत्न करत गात होता. स्वर ढळला, तसे त्याचे डोळे भरून आले. म्हणून गाणे आधी होऊ द्यावे, फेटा नंतर बांधावा.

आता एक गोष्ट सांगते, जी इतक्या वर्षांनंतरही मला टोचते. शहरातल्याच एका शाळेत बालनाट्याच्या कौतुकासाठी मी पाहुणी म्हणून गेले होते. भूमिका करणारी अकरा मुले ओळीने उभी राहिली, त्यांना गुलाबाची फुले दिली, छायाचित्रे निघाली आणि मी भाषणही केले. कार्यक्रम संपवून बाहेर पडताना विंगेत एक सातवीतला मुलगा दिसला. तो खाली बसून कोपर आणि तळहात यांच्यामध्ये वायर गुंडाळत होता. त्याच्या शेजारी संहितेची वही उघडी पडली होती आणि तिच्यात लाल पेन्सिलीने जागोजागी 'निळा – हळूहळू', 'पूर्ण काळोख – मनात पाच मोजणे' असे लिहिलेले होते. चाळीस मिनिटांच्या त्या नाटकाचा सगळा प्रकाश या एका मुलाने सांभाळला होता. त्याचे नाव व्यासपीठावरून कोणी घेतले नव्हते आणि मलाही ते विचारावेसे वाटले नव्हते. त्याची आई प्रेक्षकांत बसलेली होती, हे मला नंतर समजले.

राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धांमध्ये दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा या अंगांना अभिनयाबरोबरच स्वतंत्र पारितोषिके असतात. शाळेच्या सत्कारातही तोच न्याय हवा. म्हणून बाई, यादी करताना ती भूमिकांच्या पत्रकावरून करू नका. तालमीच्या हजेरीवरून करा. प्रॉम्प्टिंग करणारी मुलगी, पडदा ओढणारा मुलगा, गायनाच्या परीक्षेला येणाऱ्या प्रत्येकीला पेटीची साथ करणारा आणि स्वतः मात्र यंदा परीक्षेला न बसलेला विद्यार्थी, ही सगळी नावे त्या हजेरीत सापडतील. आणि मुलाला व्यासपीठावर बोलावताना त्याच्या गुरूंनाही सोबत बोलवा. त्यांचा सत्कार वेगळा करायची गरज नाही. मूल त्यांना वाकून नमस्कार करील, तेवढे पुरे आहे.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिचा गळा गोड असून ऐकलेले गाणे ती जसेच्या तसे म्हणते. नातेवाईक तिचे व्हिडिओ सगळीकडे पाठवतात, गणेशोत्सवात मंडळे बोलावतात. तिचे गुरुजी मात्र 'अजून दोन वर्षे कार्यक्रम नकोत' म्हणतात. तिचे कौतुक थांबवायचे का?
— एक आई, राजारामपुरी

ताई, कौतुक थांबवण्याची आवश्यकता नाही. तुमच्या गुरुजींनीही ते थांबवायला सांगितलेले नाही. त्यांनी कार्यक्रम थांबवायला सांगितले आहेत आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

लहान वयात गाणाऱ्या मुलांना डोक्यावर घेण्याची आपली परंपरा जुनी आहे आणि कोल्हापूरचा तिच्यात मोठा वाटा आहे. नारायण श्रीपाद राजहंस या लहान मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटले, हे सर्वांना माहीत आहे. त्या मानाने पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. या मुलाच्या कानाला विकार होता आणि त्याच्या उपचारासाठी त्याला मिरजेला पाठवण्याची व्यवस्था राजर्षी शाहू महाराजांनी केली. १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. गाणाऱ्या मुलाला कान नीट हवेत, हे ओळखून ते बरे करण्याची सोय लावणे, याहून नेमके कौतुक मला तरी आठवत नाही.

दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. त्यांचा जन्म १९२४ सालचा, बेळगाव जिल्ह्यातला. तुमच्या मुलीच्याच वयात ते मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात आणि गंधर्व ही उपाधी त्यांना त्या वयातच मिळाली होती. सगळीकडून बोलावणी येत असतानाच, अकरा-बारा वर्षांच्या वयात, त्यांना मुंबईला प्राध्यापक बा. र. देवधर यांच्याकडे शिकायला ठेवण्यात आले आणि तेथे त्यांनी अनेक वर्षे विद्यार्थी म्हणून काढली. नक्कल करणारा गळा आणि स्वतःचे गाणे विचारपूर्वक उभे करणारा गवई यांच्यामध्ये जे अंतर असते, ते त्या वर्षांनी तोडले. केसरबाई केरकर यांनीही आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिक्षण घेतले होते. अल्लादिया खाँसाहेबांची पद्धतशीर तालीम मात्र त्यांना १९२१ पासून मिळू लागली. तेव्हा त्यांचे वय तिशीकडे झुकले होते. अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने याच शहरात दरबारगायक होते. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली, ती प्रथम येथे, आपल्या दारात. तिच्यातील गुंतागुंतीचे अनवट, म्हणजे क्वचितच गायले जाणारे, राग आणि लयीला धरून जाणाऱ्या ताना वर्षानुवर्षे घोटाव्या लागतात. तुमचे गुरुजी दोन वर्षे मागत आहेत, ती या हिशेबाने फारशी नाहीत.

प्रत्यक्षात काय करावे, तर दर महिन्याच्या एका रविवारी घरीच छोटीशी बैठक करा. आजी-आजोबा, शेजारच्या दोन काकू, तिची एक मैत्रीण आणि स्वतः गुरुजी, एवढीच माणसे असावीत. त्या महिन्यात गुरुजींनी जे शिकवले, तेवढेच तिने तानपुऱ्याबरोबर म्हणावे. ऐकून झाल्यावर 'किती गोड!' एवढ्यावर थांबू नका. 'आज तुझा निषाद (नी) पहिल्यापेक्षा जागेवर लागला' असे म्हणता येत नसेल, तर काय आवडले ते आपल्या शब्दांत सांगा. 'मधेच थांबून पुन्हा सुरू केलेस, तेव्हा घाबरली नाहीस' हेही उत्तम कौतुक आहे. व्हिडिओ काढायचाच असेल, तर तो घरापुरता ठेवा. सहा महिन्यांनी तिला तिचेच जुने गाणे ऐकवा, म्हणजे फरक तिचा तिला कळेल. अनोळखी माणसांनी दिलेल्या 'लाइक'च्या संख्येवरून आपले गाणे मोजायची सवय आठव्या वर्षी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक माहितीही देऊन ठेवते. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, कलाशिक्षणासाठीची शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी असते. दोन वर्षांनी तुमची मुलगी नेमकी त्या वयात येईल. गुरुजींनी मागितलेली वर्षे त्या तयारीलाही उपयोगी पडतील.

प्रश्न : मी नववीत आहे. गेल्या वर्षी आंतरशालेय गायन स्पर्धेत माझा पहिला क्रमांक आला होता. यंदा आवाज फुटला. वरचा षड्ज लागतच नाही, मधेच चिरकतो. शाळेत सगळे अजून 'आमचा गायक' म्हणून हाक मारतात, त्याचा त्रास होतो. मी गाणे सोडावे का?
— एक विद्यार्थी, कागल

बाळा, गाणे सोडू नकोस. तुझ्या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, त्यामुळे मुलांचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. हे व्हायला काही महिने लागतात, कोणाकोणाला वर्षाहूनही अधिक काळ लागतो, आणि त्या काळात गळा रोज थोडा वेगळा वागतो. तुझ्या मेहनतीत काही उणे राहिले म्हणून हे झालेले नाही.

तू आतापर्यंत काळी चार किंवा पाचमध्ये, म्हणजे पेटीवरच्या त्या पट्टीला षड्ज (सा) धरून, गात असशील. आता ती पट्टी धरून ओढाताण करू नकोस. पेटीवर खालचे स्वर लावून, आज कोणता षड्ज आरामात लागतो ते पाहा आणि तेथे हलक्या आवाजात, मंद्र आणि मध्य, म्हणजे खालच्या आणि मधल्या, सप्तकातच दहा-पंधरा मिनिटे गा. पुरुषांचे आवाज बहुधा सफेद एक ते काळी दोनच्या आसपास स्थिरावतात. तुझाही तेथे कोठेतरी येईल. वरच्या स्वरांसाठी ओरडू नकोस. घसा दुखत असेल किंवा आवाज कित्येक आठवडे बसलेलाच राहिला, तर आई-बाबांना सांगून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

गळ्याला विश्रांती आहे, कानाला आणि हाताला नाही. या वर्षात पेटी शीक, तबल्याचे ठेके हाताने आणि तोंडाने पक्के कर, भरपूर ऐक. पलुस्करांचे नाव तू ऐकले असशील. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली आपल्या जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्यामुळे त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, शाळेचे शिक्षण थांबले, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तुझी अडचण त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान आहे आणि ती संपणारी आहे.

'आमचा गायक' या हाकेचे म्हणशील, तर तुझ्या शिक्षकांना एकदा मोकळेपणाने सांग की यंदा मला गायला लावू नका, पण सातवीच्या मुलींच्या गाण्याला पेटीची साथ करायला द्या. ते नाही म्हणणार नाहीत, असे मला वाटते. आणि नवा आवाज स्थिरावला की मला पुन्हा पत्र लिही. तुझी पट्टी कोणती ठरली, हे वाचायला मला फार आवडेल.

प्रश्न : आमच्या मंडळातर्फे संगीत व नाट्य स्पर्धेतील बाल विजेत्यांना बक्षिसे द्यायची आहेत. रोख रक्कम द्यावी की स्मृतिचिन्ह?
— एका तरुण मंडळाचे कार्यकर्ते, मंगळवार पेठ

स्मृतिचिन्हे कपाटात बसतात आणि रोख रक्कम घरखर्चात मिसळते. त्यापेक्षा मुलाच्या गुरूंना विचारून त्याला लागणारी वस्तू द्यावी. तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, बदलून हवी असते, पेटीचा भाता गळत असतो, नाटकाच्या मुलीला नाटकांची चार पुस्तके हवी असतात. खर्च ट्रॉफीइतकाच येईल. थोडे अधिक पैसे जमले असतील, तर सर्व विजेत्यांना एक दिवस मिरजेला घेऊन जा. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वाळलेल्या भोपळ्यापासून तानपुरा कसा तयार होतो आणि तारेखाली सुताचा धागा किंचित सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, कशी खुलते, हे कारागिराच्या शेजारी बसून पाहिलेले मूल तो दिवस विसरणार नाही. जाण्यापूर्वी कारागिरांना विचारून वेळ ठरवून घ्या. ती त्यांची कामाची जागा आहे.

प्रश्न : माझ्या नातवाला बालनाट्य स्पर्धेत अभिनयाचे पारितोषिक मिळाले. आनंद आहेच, पण मी त्याच्या वयाचा असताना केशवराव भोसले नाट्यगृहात काम केले होते. त्याचा प्रयोग झाला एका साध्या सभागृहात. त्या जळालेल्या वास्तूवरून जाताना मला त्याच्या यशात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.
— एक निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

गुरुजी, आपले पत्र मी दोनदा वाचले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ती आग लागली, तेव्हा या शहरातले कितीतरी लोक रस्त्यावर उभे राहून रडले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाच्या शेजारी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू. एका बाजूला कुस्ती, दुसऱ्या बाजूला नाटक, आणि दोन्हींना राजाश्रय सारखाच. तेथे पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिलेल्या प्रत्येकाचे काहीतरी त्या रात्री जळाले. आपल्याला जे वाटते, ते अगदी खरे आहे.

पण नातवाचे यश त्यामुळे उणे होत नाही. केशवराव स्वतः कोल्हापूरचे, जन्म १८९० चा. अगदी लहान वयात ते नाटक कंपनीत गेले आणि गावोगावी मिळेल त्या जागी उभे राहिले. १९०८ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी काढली, तीही कोल्हापुरात नव्हे, हुबळीला. १९२१ च्या जुलैमध्ये मुंबईत बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' या संगीत नाटकाचा तो प्रयोग झाला, ज्याची आठवण महाराष्ट्र अजून काढतो, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. या नटाचे नाव त्या नाट्यगृहाला नंतर मिळाले. त्याचे गाणे आणि अभिनय त्याआधी अनेक साध्या मांडवांत घडलेले होते.

आपल्या नातवाला हे आपण सांगावे, असे मला वाटते, आणि ते घरात बसून सांगू नये. एका संध्याकाळी त्याला घेऊन खासबागेकडे जा. आपण कोणत्या नाटकात होतात, विंगेत कोठे उभे राहत होतात, पहिले वाक्य कोणते होते, ते त्या भिंतींकडे बोट दाखवून सांगा. त्याला आजोबांचे वय नऊ-दहा असू शकते, हे कदाचित प्रथमच कळेल. मग त्याला त्याच्या प्रयोगाविषयी विचारा. पारितोषिकाचे विचारू नका, ते सगळ्यांनी विचारून झाले असेल. पडदा उघडला तेव्हा समोर काय दिसले, कोणत्या वाक्यावर लोक हसले, समोरचा मुलगा वाक्य विसरला तेव्हा त्याने काय केले, हे विचारा आणि पुरते ऐका. येताना दोघांनी मिळून एक वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या प्रयोगाची आठवण आपल्या अक्षरात लिहा, दुसरे पान त्याला द्या. त्याने शाळेचे नाव, सभागृहाचे नाव, तारीख आणि पडद्यामागच्या मुलांसकट सर्वांची नावे लिहावीत.